कारागिराचा शब्द आणि सिलेंडरची कड

शंकेखोर : तुमची हस्कवर्ना ३७२ एक्सपी चेनसॉ चांगली चालते आहे. तरी तुम्ही ती खोक्यात भरून एका अनोळखी माणसाकडे पाठवणार. तो सिलेंडर उतरवणार, आतले पोर्ट कोरणार, पुन्हा जोडणार आणि परत धाडणार. त्यासाठी तुम्ही चांगली रक्कम मोजणार आहात, तीही आगाऊ. माझी हरकत पैशांना नाही. ज्या कामाचे पैसे देता, ते काम तुम्हाला दिसणारच नाही, ही माझी हरकत आहे. सिलेंडर बंद झाला की आत हात सफाईने चालला की कसाबसा, हे कळायला तो पुन्हा उघडावा लागतो. आणि तुम्ही तो उघडणार नाही, कारण उघडून समजेल एवढं ज्ञान असतं तर पाठवलाच नसता.

हौशी : आरएक्स १०० मोटरसायकलचा सिलेंडर ज्याने एकदा उघडून पाहिलाय त्याला यात काही गूढ वाटणार नाही. चेनसॉचं इंजिन त्याच जातीचं, टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीत पोर्ट असतात आणि वर-खाली जाणारा पिस्टनच ते उघडतो, झाकतो. जळालेला वायू सोडणारा एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या किती अंशांवर उघडतो, ताजं मिश्रण आणणारे ट्रान्स्फर पोर्ट त्याच्यामागून किती अंशांनी उघडतात, यावर त्या इंजिनाचा स्वभाव ठरतो. कारखाना हे ठरवताना बऱ्याच जणांचा विचार करतो : उत्सर्जनाचे नियम, आवाजाची मर्यादा, मोठ्या संख्येने होणारं उत्पादन, पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतणारा ग्राहकसुद्धा. ऑरेगन-वॉशिंग्टनच्या डोंगरात डग्लस फर पाडणारा लाकूडतोड्या त्या हिशेबात बसत नाही. तो बत्तीस-छत्तीस इंची बार लावून दिवसभर उभी झाडं पाडतो. त्याच्यासाठी कुणी पोर्ट हाताने रुंद केले, सिलेंडरचा तळ लेथवर खरवडून कॉम्प्रेशन वाढवलं, सायलेन्सरचं तोंड मोठं केलं, की ७०.७ सीसीचं तेच मशीन जाड ओंडक्यातही दबत नाही. मी अशी करवत हातात धरली आहे. तो फरक मनाचा खेळ नाही.

शंकेखोर : फरक पडतो हे मी नाकारतच नाही. पोर्टिंगने इंजिन बदलतं, मान्य. पण एका इंजिनाला चांगल्या हाताने बदललं आणि दुसऱ्याला वाईट हाताने, तर पहिल्या आठवड्यात तुम्हाला दोन्ही सारखीच जोरकस वाटतील. मग तुम्ही कारागीर निवडता कशावरून? व्हिडिओवरून. त्यात एक लाकूड असतं, एक घड्याळ असतं आणि करवत लोण्यातून गेल्यासारखी जाते. पण त्या लाकडात किती ओल होती? साखळी कुणी कानसली? दातापुढचा रेकर थोडा जास्त घासला की प्रत्येक दात जाड कपचा काढतो. गोल कानशीऐवजी चौकोनी धार केली की स्वच्छ लाकडात वेग आणखी वाढतो. सात दातांचं स्प्रॉकेट काढून आठचं लावलं की साखळी त्याच आरपीएमला जास्त वेगाने धावते. यातल्या एकाही गोष्टीसाठी सिलेंडरला हात लावावा लागत नाही. धार लावण्यात तरबेज माणूस साध्या मशीनवर असा व्हिडिओ करू शकतो, की पोर्ट केलेलं मशीन बाजूला ठेवावं.

हौशी : म्हणूनच जाणकार लोक तसे व्हिडिओ मोजत नाहीत. ते तुलना मागतात. एकच ओंडका, चौकोनी कापून घेतलेला असेल तर उत्तम, म्हणजे प्रत्येक काप सारख्या रुंदीचा होतो. एकच बार, एकच साखळी, तीच दोन्ही मशीनवर चढवायची. आधी साध्या मशीनचा काप, मग पोर्ट केलेल्याचा, मग पुन्हा साध्याचा, असे शेजारी-शेजारी, म्हणजे गाठ किंवा गाभा एकाच्याच वाट्याला येत नाही. १९८५ साली सुरू झालेल्या स्टील टिंबरस्पोर्ट्स स्पर्धेत ‘स्टॉक सॉ’ नावाचा प्रकार आहे. त्यात सगळ्या स्पर्धकांना एकाच मॉडेलचं, कारखान्यातून आलं तसंच मशीन देतात. मशीन सारखं ठेवलं की माणसाचा हात मोजता येतो. तेच उलटं करा : माणूस, साखळी, लाकूड सारखं ठेवा, मशीन बदला. मग मोजमापात खोटेपणाला जागा फार उरत नाही.

शंकेखोर : उरते, आणि पुरेशी उरते. दोन जागा सांगतो. पहिली म्हणजे ‘साधं’ मशीन. नव्या इंजिनाच्या रिंगा सिलेंडरला नीट बसायला बऱ्याच टाक्या इंधन जावं लागतं. तोवर कॉम्प्रेशन कमी असतं. खोक्यातून काढलेलं कोरं मशीन एका बाजूला आणि चालून मोकळं झालेलं पोर्ट केलेलं दुसऱ्या बाजूला, अशी तुलना सरळ दिसते पण सरळ नसते. दुसरी जागा कार्ब्युरेटरची. टू-स्ट्रोकमध्ये वंगण इंधनातूनच जातं. हाय स्पीडचा स्क्रू थोडा आवळला की मिश्रण पातळ होतं, आरपीएम वाढतो, आवाज टणटणीत येतो, काप पटकन होतो. बघणाऱ्याला वाटतं, काय जोर आहे! पण इंधन कमी म्हणजे ऑइलही कमी आणि आतली उष्णता जास्त. त्या एका मिनिटात काही होत नाही. ज्याने ते मशीन तसंच विकत घेतलं, त्याच्या पिस्टनवर महिन्याभरात एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे उठतात आणि इंजिन सीझ होतं. आणि तेव्हा उत्तर तयार असतं : तुम्ही ऑइल बरोबर मिसळलं नसणार.

हौशी : यावर कान हा चांगला परीक्षक आहे. नीट लावलेलं मशीन हवेत पूर्ण थ्रॉटलला थोडं अडखळल्यासारखं, घोगरं वाजतं. लोक त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात, कारण मिश्रण जाड असल्यामुळे प्रत्येक फेरीला नीट स्फोट होत नाही. लाकडात घातलं, भार आला, की तोच आवाज स्वच्छ होतो. लाकडाबाहेरच जे मशीन स्वच्छ किंचाळतं, ते पातळ लावलेलं असण्याची शक्यता मोठी. मी व्हिडिओत काप बघत नाही, कापाआधीचे दोन सेकंद ऐकतो. जो कारागीर ते दोन सेकंद ठेवतो, त्याच्याबद्दल माझं मत आधीच थोडं चांगलं होतं. ‘चौदा हजारांच्या वर फिरतं’ असं लिहून जाहिरात करणाऱ्यापासून मी लांब राहतो. हवेतला आरपीएम काम करत नाही. काम होतं ते लाकडात, त्याहून बऱ्याच खाली.

शंकेखोर : मग आकड्यांवर या. कॉम्प्रेशनचा आकडा तर सगळेच सांगतात.

हौशी : तो आकडा सगळ्यात जास्त फसवतो, आणि दोन्ही बाजूंनी फसवतो. गेजची नळी किती लांब, त्याचा व्हॉल्व्ह टोकाला की गेजपाशी, इंजिन गरम की गार, दोरी किती वेळा ओढली, सिलेंडरमध्ये ऑइलचा थेंब आहे का, या सगळ्याने तो हलतो. शिवाय एक्झॉस्ट वर नेला की तो झाकायला पिस्टनला उशीर होतो, म्हणजे दाबायला हवा कमी उरते, आणि गेज खालचा आकडा दाखवतो. म्हणजे चांगल्या कामानंतर कॉम्प्रेशन फारसं वाढलेलं नसू शकतं आणि अर्धवट कामानंतर ते मस्त वाढलेलं असू शकतं. आळशी माणूस काय करतो? सिलेंडरखालचं पॅकिंग काढून टाकतो. सिलेंडर खाली बसतो, कॉम्प्रेशन वाढतं, गेज खूश. पण सिलेंडरबरोबर सगळे पोर्टही खाली सरकले, एक्झॉस्ट आता उशिरा उघडतो. तो पुन्हा वर घेतला नाही तर वरच्या आरपीएमला श्वास कोंडतो. माझा भरवसा आहे तो स्क्विशवर. पिस्टन सगळ्यात वर आला की त्याची कड आणि सिलेंडरचं डोकं यांत उरणारी फट. ती कुणालाही मोजता येते. सोल्डरची तार घ्यायची, प्लगच्या भोकातून तिरकी सरकवायची, टोक सिलेंडरच्या भिंतीला टेकलं पाहिजे. पिस्टनच्या गजन पिनच्या रेषेत टेकवायची, नाहीतर पिस्टन डुलतो आणि माप चुकतं. मग फ्लायव्हील हाताने फिरवायचं. पिस्टन तारेचं टोक चेपतो. बाहेर काढून व्हर्नियरने मोजायचं. दोन्ही बाजूंना मोजायचं. कारखान्यातून ही फट बऱ्याचदा पाऊण मिलिमीटरच्या पुढे असते. पोर्टिंग करणारे ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणतात. त्याहून फार कमी केली तर तापलेला, फुगलेला पिस्टन डोक्याला आपटण्याचा धोका. मशीन घरी आलं की मी स्वतः हे मोजू शकतो, आणि कारागिराने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहू शकतो.

शंकेखोर : छान. मग कारागिरांनी सगळेच आकडे द्यावेत. एक्झॉस्ट किती अंशांवर, ट्रान्स्फर किती, इनटेक किती, स्क्विश किती, आधी काय होतं, नंतर काय झालं. अंशांची चकती क्रँकला लावून हे सगळं मोजता येतं, आणि ते मोजतातही. बरेच जण सांगत मात्र नाहीत. ‘ते आमचं गुपित’ म्हणतात. ज्या कामात काहीच दिसत नाही, त्यात उरलेसुरले आकडेही झाकले, तर ग्राहकाच्या हातात राहिलं काय?

हौशी : गुपित झाकण्याला मी लबाडी म्हणणार नाही. या विद्येत गुपित गेलं की काय होतं याचा दाखला आहे. पूर्व जर्मनीत झोपाउ इथे एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाचा इंजिनीअर टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्टमधल्या दाबलहरी आणि पोर्ट यांवर वर्षानुवर्षं काम करत होता. साधनं तुटपुंजी, पैसा जवळजवळ नाही, तरी त्याची मोटरसायकल जगातल्या श्रीमंत कारखान्यांना मागे टाकत होती. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेत गेला, ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला, आणि १९६२ साली सुझुकीवर ५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकला. काडेनच्या हातात काय राहिलं? घराशेजारच्या शेडमध्ये एकट्याने काम करणाऱ्या कारागिराकडेही दुसरं भांडवल नसतं. दहा मशीन खराब करून त्याने शोधलेला आकडा त्याने फुकट वाटावा, हा आग्रह मला क्रूर वाटतो.

शंकेखोर : काडेनबद्दल मलाही हळहळ आहे. पण आजच्या कारागिराची जागा त्याची नाही. गॉर्डन जेनिंग्जचं ‘टू-स्ट्रोक ट्यूनर्स हँडबुक’ १९७३ साली छापून निघालं. पोर्ट किती उंच, किती रुंद, एक्झॉस्ट आणि ट्रान्स्फर उघडण्यात अंतर किती, याचा विचार त्यात मांडून झाला आहे. आणि एखाद्याने खरंच नवा आकडा शोधला तरी त्याची पहिली करवत विकली गेल्यावर कोणताही प्रतिस्पर्धी ती उघडून अंशांची चकती लावू शकतो. गुपित प्रतिस्पर्ध्यापासून राहतच नाही. राहतं ते फक्त ग्राहकापासून. मग ते कुणासाठी झाकलंय?

हौशी : हे मात्र मला नाकारता येत नाही. पण तुमच्याच म्हणण्यातून एक गोष्ट निघते, ती तुम्हाला आवडणार नाही. आकडे कुणालाही मिळू शकतात, तर आकडे दिल्याने काम चांगलं असल्याचंही सिद्ध होत नाही. चांगलं काम पोर्टच्या कडेला असतं. या सिलेंडरांना आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचं कठीण प्लेटिंग असतं, जाडी केसाएवढी. डाय ग्राइंडरने पोर्ट रुंद केला की त्याच्या कडेला ते प्लेटिंग उघडं पडतं, धारदार राहतं. पिस्टनची रिंग बाहेरच्या बाजूला ताणलेली असते. रुंद पोर्टसमोरून जाताना ती किंचित त्यात फुगते, आणि परत आत जाताना कड धारदार असेल तर अडकते. म्हणून ती कड हिऱ्याच्या छोट्या कानशीने, मग बारीक पॉलिश पेपरने, थोडी उतरती करावी लागते. घाईत केली तर प्लेटिंगचा टवका उडतो. रिंगेची टोकं पोर्टसमोर येऊ द्यायची नाहीत, हेही पोर्ट रुंद करताना धरून चालावं लागतं. हे काम एकेका कडेवर, भिंगातून बघत, न कंटाळता करायचं असतं. याचा आकडा नसतो. एखादा माणूस सगळे अंश बरोबर लिहून देईल आणि कडा तशाच सोडेल. दुसरा एक शब्द बोलणार नाही आणि कडा अशा करेल की रिंग वर्षानुवर्षं त्यावरून सरकत राहील.

शंकेखोर : म्हणजे आपण आतापर्यंत दोन वेगळे प्रश्न एकच समजून बोलत होतो. हा माणूस खरं बोलतो का, हा एक. याचा हात चांगला आहे का, हा दुसरा. खरं बोलणाऱ्याचा हात साधारण असू शकतो. त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं, तो जे बोलतो ते मनापासूनच. आणि उत्तम हाताचा माणूस मूळ सिलेंडर ठेवून घेऊन त्या जागी स्वस्तातला बाजारी सिलेंडर बसवू शकतो, आणि तोही इतका छान पोर्ट करून देईल की तुम्ही मूळ कारखान्याच्या मशीनचा अभिमान बाळगत राहाल. सिलेंडरवर माहले किंवा जिलार्दोनी या सिलेंडर बनवणाऱ्यांचं ओतीव चिन्ह होतं की नाही, पाठवण्याआधी कितीजण बघतात?

हौशी : फार थोडे. आणि ग्राहकाच्या खरेपणाचं काय? पैसे मोजलेले, मशीन यायला कित्येक महिने वाट पाहिलेली, आणि ते हातात आलं की जोराचा आवाज करतं. ‘कमाल आहे’ असंच तो लिहिणार. त्याच्याकडे तुलनेला साधं मशीन उरलेलंच नसतं, कारण तेच मशीन बदललं गेलं. वर सायलेन्सर उघडला की कानाला जोर जास्त वाटतोच. पुढची गोष्ट तर कुणी बोलतही नाही. अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टखाली अशा इंजिनांची उत्सर्जन-नियंत्रणाची व्यवस्था निकामी करणं बेकायदा आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी जाळी असते. पोर्टिंगच्या नादात बरेचजण ती काढून टाकतात. कोरड्या उन्हाळ्यात, जिथे एका ठिणगीने डोंगर पेटतो, तिथे तो माणूस ते मशीन घेऊन जातो. जाळी काढ असं कारागिराला सांगणारा बहुतेक वेळा ग्राहकच असतो. मग त्या कारागिराकडून बाकी सगळ्या बाबतीत सचोटीची अपेक्षा करताना आपला आवाज थोडा खाली यायला हवा.

शंकेखोर : खाली येऊ दे. पण त्यातूनच मला एक कसोटी सापडते. ग्राहक मागतो तरी ‘जाळी काढणार नाही, मोठी बसवून देईन’ असं सांगून काम गमावणारा कारागीर. नुकसान सोसून जो नियम पाळतो, त्याच्या न दिसणाऱ्या कडांवर मी थोडा भरवसा ठेवेन. आणि दुसरी कसोटी बिघाडाची. त्याच्याकडे परत आलेल्या मशीनचं तो काय करतो? खरवडलेला पिस्टन, टवका उडालेला पोर्ट, याचा फोटो तो दाखवतो का? ‘इथे माझी कड चुकली’ असं म्हणतो का? मला सगळ्यात जोरकस मशीन नको. झाड अर्धं कापून झालं असताना मशीन बंद पडलं तर जीव धोक्यात येतो. एका बाजूने खाच घेतलेलं, मागून कापत आणलेलं, आता कशीही पडू शकेल असं उंच झाड डोक्यावर आणि हातात मेलेलं मशीन. ज्याने आपले बिघाड उघड मांडले, त्याची मर्यादा तरी मला माहीत असते.

हौशी : आणि त्याचा धंदा बुडतो. बिघाडाचा फोटो टाकणाऱ्याकडे लोक ‘याचं काम फुटतं’ म्हणून पाहतात. न दाखवणाऱ्याचं काम फुटतच नाही असं धरतात. तुमची कसोटी योग्य असेल, पण बाजार तिला शिक्षा करतो. शिवाय सगळ्यात जास्त माहिती ज्याच्याकडे आहे, तो तुम्ही सांगता ते बोलतच नाही. झाडामागे पैसे मिळणारा लाकूडतोड्या दोन-तीन कारागिरांची मशीन आळीपाळीने वापरतो, रोज, पावसात, उतारावर. कुणाचं मशीन दोन हंगाम टिकलं आणि कुणाचं नाही, हे त्याला ठाऊक असतं. तो लिहीत बसत नाही. त्याच्या पिकअपच्या मागे कुणाचं मशीन पडलेलं आहे, एवढीच त्याची साक्ष.

शंकेखोर : ती साक्ष मी मानेन. पण ती त्याच्या कामापुरती खरी. त्याला वर्षभर टिकणारं मशीन हवं, मग तो नवं घेणार. तुम्हाला सरपणासाठी पंधरा वर्षं टिकणारं हवं. त्याने निवडलेला कारागीर तुमच्यासाठी योग्यच असेल असं नाही. म्हणून मी इतकंच सांगेन : मशीनबरोबर एक कागद पाठवा. स्क्विश तुम्ही मोजलेली, सिलेंडरवरचं चिन्ह, तुमच्या गेजवरचं कॉम्प्रेशन. खाली रिकाम्या जागा ठेवा, त्याने भरायला.

हौशी : पाठवतो. पण हे चोरून खूण करण्यासारखं नको. मी आधी कळवीन की मोजलंय. आणि तरी कागद कोरा परत आला, तर मी त्याला लबाड ठरवणार नाही. मला माहीत असलेला सर्वांत चांगला हात असलेला माणूस कागदपत्रांना कंटाळतो.

शंकेखोर : कबूल, कोरा कागद पुरावा नव्हे. पण भरून आला, तर कोणता आकडा चुकीचा निघाल्यावर तुम्ही पैसे परत मागाल, ते मशीन पाठवण्याआधी ठरवा. नंतर ठरवाल तर आवाज ऐकून विरघळाल.

हौशी : स्क्विशचा. तो मला घरी तारेने पुन्हा मोजता येतो.

शंकेखोर : आणि मशीन मरेल ते एक्झॉस्टच्या कडेला, जिथे तुमची तार पोहोचत नाही.